दोनशे चौदा कोटींचा आकडा आणि चौऱ्याऐंशी भागाकार

१२ मार्च २०२४, मंगळवार. कापसाचे राहिलेले पैसे कोणाकोणाला पाठवायचे, याची यादी मी काढत होतो. आमचा शेतकरी गट अमळनेर-पारोळा पट्ट्यातला, ६१८ सभासदांचा. मी तिथे हिशेब बघतो. जुन्या कागदी रजिस्टरवरची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून आठच दिवस झाले होते. यादी छापून हातात आली तर मोबाइलच्या रकान्यात पहिल्या नावापुढे २१४७४८३६४७. दुसऱ्या नावापुढेही तोच. पान उलटलं, तिथेही तोच. ६१८ पैकी ६१६ माणसांचा एकच नंबर. फक्त दोघांनी आपला जुना घरचा सहा आकडी फोन लिहून दिला होता, ते दोन बरोबर उरले होते.

मी तो नंबर लावून पाहिला. लागला नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांकडच्या मुलाने फोनवर समजावलं, "काका, रकान्याचा प्रकार चुकलाय. त्यात एवढाच मोठा आकडा मावतो. त्याच्या वरचं काहीही टाकलं की तो हाच आकडा लिहून ठेवतो." आपल्याकडचे मोबाइल नंबर सहा, सात, आठ नाहीतर नऊने सुरू होतात, म्हणजे सगळेच याच्यापेक्षा मोठे. एकही मावला नाही, आणि सगळ्यांच्या जागी हा एकटा येऊन बसला.

हाच आकडा का, तेही त्यानेच सांगितलं. अशा रकान्यात एका आकड्यासाठी बत्तीस खाने असतात. एक खाना अधिक-उणेच्या चिन्हासाठी जातो, उरतात एकतीस. पहिल्या खान्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी दुप्पट होत जाते. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट करत ठेवण्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, तीच ही. एकतीस घरं भरली की दाण्यांची बेरीज होते २१४७४८३६४७. म्हणजे दोनचा एकतिसावा घात, वजा एक. आपल्या पद्धतीने वाचायचं तर दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस.

यादी दुरुस्त व्हायला एकोणीस दिवस लागले. तोंडी सांगून चालत नाही. लेटरहेडवर अर्ज, अध्यक्षांची सही, गटाचा शिक्का, चुकलेल्या यादीची प्रत आणि बरोबर नंबरांची वेगळी यादी, एवढं सगळं पाठवावं लागलं. त्या वेगळ्या यादीसाठी मी आणि शिपाई अकरा गावं फिरलो, कारण बऱ्याच जणांनी मधल्या काळात सिम बदललेलं होतं. कोणाच्याही गटात असं काम निघालं तर एवढंच सांगेन की नवीन यादी तीन महिने बिनचूक चालल्याशिवाय कागदी रजिस्टर माळ्यावर टाकू नका. आमचं टेबलावरच होतं, म्हणून वाचलो.

त्या एकोणीस दिवसांत तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. ६१६ वेळा पाहिलेला आकडा विसरायचा कसा? एका रात्री मोबाइलवर शोधलं, तेव्हा कळलं की ही मूळसंख्या आहे. एक आणि स्वतः ती, याखेरीज तिला कशानेच नि:शेष भाग जात नाही. तिच्या डावीकडची शेजारीण २१४७४८३६४६ घ्या, ती तुटते २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ अशी, आठ तुकड्यांत. उजवीकडची तर नुसते एकतीस दोन एकमेकांना गुणून झालेली. त्या दोघींच्या मध्ये ही अखंड बसली आहे. आणि हे लिऑनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये बर्नुली या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलं होतं. ऑयलर तेव्हा रशियात, सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची नजर जवळजवळ गेलेली होती.

हे वाचल्यावर मला झोप येईना. यंत्र नव्हतं, डोळे नव्हते, आणि माणसाने ठामपणे सांगितलं की याला भाग जात नाही. मी वीस वर्षं हिशेब लिहितो आहे. ताळा न पाहता मी कोणाची बेरीज मान्य करत नाही. मग ही गोष्ट मोबाइलवर वाचून कशी मान्य करायची? ठरवलं की हातानेच करून बघायचं. काम चालू असेपर्यंत यंत्र वापरायचं नाही.

पहिली अडचण म्हणजे भागायचं कशाने. एखाद्या संख्येला भाजक असेल तर निदान एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, आणि ४६३४१ चा वर्ग आपल्या आकड्याच्या पुढे जातो. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागून पाहायचं. त्या निघतात पावणेपाच हजारांच्या वर. रोज चार भागाकार धरले तरी तीन वर्षं. इथेच मी जवळजवळ सोडून दिलं होतं.

पण ऑयलरने एवढे भागाकार केले नसणार, काहीतरी वाट असणार, हे कळत होतं. ती पुस्तकात मिळेल म्हणून २ एप्रिलला जळगावला गेलो आणि एका ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाचा अर्ज भरला. दोन फोटो, आधारची झेरॉक्स, ओळखणाऱ्या एका सभासदाची सही, ५०० रुपये अनामत आणि २०० रुपये वर्गणी. सही देणारं ओळखीचं तिथे कोणी नव्हतं. वाचनकक्षात एक निवृत्त प्राध्यापक बसले होते, गणिताचेच. त्यांनी विचारलं, "भाऊ, कोणतं पुस्तक पाहिजे?" मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि अर्जावर सही केली. मध्ये पाडवा आला, ईदची सुट्टी आली, कार्ड १२ एप्रिलला हातात पडलं. अर्ज कराल तर जाताना फोटो आणि झेरॉक्स घरूनच घेऊन जा. तिथल्या तिथे धावाधाव करून मी फोटोला ६० रुपये घातले.

पुस्तक इंग्रजीत होतं आणि पहिली चाळीस पानं झाल्यावर मी अडलो. २१ एप्रिलच्या रविवारी सरांनी मला घरी बोलावलं आणि वाट दाखवली, तीही आमच्या आकड्यावर न दाखवता एका लहान आकड्यावर. म्हणाले, "२०४७ घ्या. दोनचा अकरावा घात वजा एक. हा तुटतो २३ गुणिले ८९ असा. आता २३ मधून एक काढा."

"बावीस."

"अकराच्या पाढ्यात आहे?"

आहे. ८९ मधून एक काढला की ८८, तोही अकराच्या पाढ्यात. सर म्हणाले की हा योगायोग नाही. घात मूळसंख्या असेल तर अशा आकड्याच्या प्रत्येक मूळ भाजकातून एक काढल्यावर त्या घाताने भाग जातोच. आपला घात ३१. भाजक विषमच असणार, म्हणून त्यातून एक काढल्यावर ६२ ने भाग गेला पाहिजे. दुसरी अट आठची. अशा भाजकाला आठने भागलं की बाकी १ नाहीतर ७ च उरते. २३ ला उरते ७, ८९ ला उरते १. दोन्ही अटी एकत्र केल्या की ६२-६२ च्या अंतराने येणाऱ्या प्रत्येक चार आकड्यांतले दोनच टिकतात. म्हणजे भाजक असलाच तर तो २४८ च्या पटीत १ मिळवून आलेला असेल किंवा ६३ मिळवून. तिसरी जागाच नाही.

या दोन अटी का लागू होतात ते समजायला मला पुढे आणखी दोन रविवार लागले. ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळा भार त्यांच्यावरच आहे. माझं म्हणाल तर सरांच्या ओसरीवर, तिसऱ्या रविवारी, दोनचा सोळावा घात हा दोनचं वर्गमूळ म्हणून समोर उभा राहिला तेव्हा ते कळलं. दोनचा एकतिसावा घात भाजकाने भागल्यावर बाकी १ ठेवतो. म्हणून बत्तिसावा घात बाकी २ ठेवतो. आणि बत्तिसावा घात म्हणजे सोळाव्या घाताचा वर्ग. यावरून आठची अट येते. हा सोळावा घात पुढे पुन्हा भेटणार होता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, १० मेला, मी चौकटीची वही उघडली आणि दोन रांगा लिहायला घेतल्या. एका रांगेत २४९, ४९७, ७४५... दुसरीत ३११, ५५९, ८०७... दोन्ही मिळून ३७२ आकडे. आता यातले जे स्वतःच तुटतात ते खोडायचे, कारण भागायचं ते मूळसंख्यांनीच. तीन, पाच आणि सातने निम्म्याहून जास्त गेले. मग अकरा, तेरा, सतरा असं २११ पर्यंत. खान्देशातला मे महिना, संध्याकाळी सातला वीज जायची, घामाने मनगट कागदाला चिकटायचं. मी मनगटाखाली जुन्या कॅलेंडरचं पान ठेवायला लागलो. हे लहानसं वाटेल, पण ओल्या कागदावर ३ आणि ८ सारखेच दिसतात.

माय शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. तिने वहीवरचा वरचा आकडा पाहिला. शाळा दुसरीपर्यंत, पण पावकी-निमकी अजून तोंडपाठ. म्हणाली, "इतला मोठा आकडा कोनले देवाना शे रे भाऊ?" घरात मोठा आकडा लिहिला जातो तो कर्जाचाच, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. मी सांगितलं की कोणाचं देणं नाही, नुसता तपासतो आहे. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. रात्री तिने वडिलांच्या वेळची सोसायटीची बेबाकी पावती, म्हणजे कर्ज फिटल्याची, ट्रंकेतून काढून माझ्या वहीवर आणून ठेवली.

खोडाखोड २ जूनला संपली. शेवटचा दिवस लक्षात आहे, कारण ४६१२९ ने मला दोन तास बसवलं. हा पहिल्या रांगेतला सगळ्यात मोठा आकडा. सातने जात नाही, अकराने नाही, तेराने नाही, शंभरीपर्यंत कशानेच नाही. मी त्याला मूळसंख्या म्हणून जवळजवळ लिहून टाकलं होतं. १६३ वर तो तुटला, १६३ × २८३. उरलेले मोजले, पहिल्या रांगेत ४२ आणि दुसऱ्या रांगेतही ४२. दोनदा मोजले. चौऱ्याऐंशी मूळसंख्या. पावणेपाच हजारांच्या जागी चौऱ्याऐंशी.

३ जूनपासून भागाकार. पहिला ३११ चा. पद्धत अशी ठेवली की पानाच्या डाव्या बाजूला आधी भाजकाचा एक ते नऊपर्यंतचा पाढा मांडायचा, म्हणजे पुढे नुसती वजाबाकी राहते. ३११, ६२२, ९३३ असं २७९९ पर्यंत. मग भागाकार आला ६९०५०९२ आणि बाकी ३५. खाली नवांचा ताळा. ३११ चे अंक मिळवले की ५. ६९०५०९२ चे ३१, म्हणजे ४. पाच चोक वीस, म्हणजे २. बाकीचे ३ आणि ५ मिळून ८. दोन आणि आठ दहा, म्हणजे १. आपल्या मोठ्या आकड्याचे अंक ४६, म्हणजे १०, म्हणजे १. जुळलं. पुढचा १३०३, बाकी २२६. मग १४८९, मग २५४३.

जून म्हणजे पेरणी. गटात बियाण्याची, खताची गर्दी, घरी यायला आठ वाजायचे. काही दिवशी एकच भागाकार व्हायचा, काही दिवशी एकही नाही. मात्र चालू भागाकार मध्ये सोडून झोपायचं नाही, हा नेम पाळला. अर्धवट सोडलेला भागाकार दुसऱ्या दिवशी उचलला की हातचा कुठे होता ते आठवत नाही.

३० जूनला, रविवारी, जे झालं ते सविस्तर सांगतो. हे काम करणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडेल. अठ्ठेचाळीस भागाकार झाले होते आणि सगळ्यांचे ताळे जुळलेले. सहज म्हणून मी एका पानावर अकराचाही ताळा घेतला. अकराच्या ताळ्यात उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत. आपल्या आकड्याचा अकराचा ताळा १ येतो. त्या पानावर २ आला. पुन्हा केला, पुन्हा २. पानाच्या माथ्यावर पाहिलं तर मी लिहिलं होतं २१४७४३८६४७. त्र्याऐंशी हजारांच्या जागी अडतीस हजार. ८ आणि ३ ची अदलाबदल. त्या पानापासून पुढे मी प्रत्येक वेळी आकडा आधीच्या पानावरून उतरवला होता. नऊ भागाकार, नऊच्या नऊ चुकीच्या आकड्याचे.

नवांच्या ताळ्याला हे दिसत नाही, कारण अंक तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत, आणि बेरीज तीच येते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यात पकडली जाते. वीस वर्षांत मी रोज नवांचा ताळा घेतला आणि अकराचा कधीच नाही. गटाच्या जुन्या वह्यांत अशा किती अदलाबदली झोपून राहिल्या असतील, या विचाराने मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गटाच्या कामातही अकराचा ताळा सुरू केला आणि आजही घेतो.

ते नऊ भागाकार पुन्हा करायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मन फार खाली होतं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "भाऊ, कोलची गोष्ट माहीत आहे का?" फ्रँक नेल्सन कोल, अमेरिकन गणितज्ञ. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये एक यादी दिली होती, दोनच्या कोणकोणत्या घातातून एक वजा केल्यावर मूळसंख्या मिळते याची. त्या यादीत आपला ३१ होता आणि ६७ पण होता. ३१ बरोबर निघाला, ६७ चूक. १९०३ मध्ये कोलने सभेत फळ्यावर एक अक्षर न बोलता १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ करून दाखवलं, आणि उत्तर आलं दोनचा सदुसष्टावा घात वजा एक. किती वेळ लागला असं विचारल्यावर त्याने तीन वर्षांचे रविवार असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. सर म्हणाले, "तुम्ही तर अजून एक उन्हाळाच घातलाय." मी वही पुन्हा उघडली.

पुढे मात्र एक पथ्य पाळलं. मूळ आकडा एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला टांगला आणि प्रत्येक भागाकाराला तिथूनच उतरवला.

शेवटचा भाजक ४५९४३. २१ जुलै, रविवार, बाहेर सकाळपासून झड लागलेली. भागाकार ४६७४२, बाकी १५९४१. नऊचा ताळा जुळला, अकराचा जुळला. चौऱ्याऐंशी बाक्या, एकही शून्य नाही. मी वही मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, सरांना फोन लावला आणि दोन्ही शब्द एकदमच सांगितले, नमस्कार आणि निकाल.

सर म्हणाले, आता पाटणादेवीला जाऊन या. मला आधी कळलं नाही का. चाळीसगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. लहानपणी नवसाला गेलो होतो, पण तिथल्या शिलालेखाबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं, हे त्या लेखातून कळतं. आपल्या खान्देशात, आठशे वर्षांपूर्वी, पोरं बसून लीलावतीतली गणितं सोडवत होती. ४ ऑगस्टला गेलो. पाऊस, ओढा भरलेला, डोंगर हिरवागार. लीलावतीत स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. मी पायरीवर बसून आपला आकडा त्या नावांनी वाचला. दोन अब्ज, एक अर्बुद, चार कोटी, सात प्रयुत, चार लक्ष, आठ अयुत, तीन सहस्र, सहा शत, चार दश, सात. प्रत्येक अंकाला स्वतःचं नाव. असं वाचताना ८ आणि ३ ची अदलाबदल होऊच शकत नाही.

इथे थांबता आलं असतं. पण या चौऱ्याऐंशींखेरीज एखादी मूळसंख्या खोडाखोडीत चुकून गेली असेल तर? हिशेबनिसाला दुसरी, वेगळ्या वाटेने आलेली बेरीज लागते. ती वाट लुकास या फ्रेंच गणितज्ञाने शोधली आणि १९३० च्या सुमारास लेमर यांनी सोपी केली. चारपासून सुरू करायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, मोठ्या आकड्याने भागून बाकी घ्यायची. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. असं एकोणतीस वेळा. शेवटी शून्य आलं तर आकडा मूळसंख्या, नाहीतर नाही. यात भाजकांची यादीच लागत नाही. मात्र एका पायरीला चूक झाली की पुढचं सगळं वाया.

११ ऑगस्टला कानबाई देवी बसली, त्या रात्री सुरू केलं. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपर्यंत भागावं लागत नाही. पुढच्या पंचवीस पायऱ्या मात्र दहा आकडी संख्यांचे वर्ग. सरांनी एक युक्ती दिली. आलेली संख्या मोठ्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर ती मोठ्या आकड्यातून वजा करा आणि जे उरेल त्याचा वर्ग करा, बाकी तीच येते. १४१६३१७९५४ च्या ऐवजी ७३११६५६९३ चा वर्ग केला, बाकी आली ६६९६७०८३८. रोज एकच पायरी, नऊ, अकरा आणि तेरा असे तीन ताळे घेऊन. पोळ्याला सुट्टी, आणखी आठ दिवस कामामुळे खाडा.

१४ सप्टेंबर, शनिवार. गल्लीत गणपतीची आरती चालली होती. अठ्ठाविसाव्या पायरीची बाकी काढत होतो. आदल्या सगळ्या बाक्या आठ, नऊ, दहा आकडी, ओबडधोबड. वजाबाकी करत खाली आलो तर डावीकडचे अंक एकेक करून गळत गेले आणि उरलं ६५५३६.

मी तो आकडा ओळखला. दोनचा सोळावा घात. सरांच्या ओसरीवर भेटलेला तोच. शेवटच्या पायरीला कागदच लागला नाही. त्याचा वर्ग ४२९४९६७२९६, दोन वजा केले की ४२९४९६७२९४, आणि ही भिंतीवरच्या पुठ्ठ्यावरच्या आकड्याची बरोबर दुप्पट. बाकी शून्य.

माय दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. माझं तोंड पाहून तिने विचारलं, "फिटना का रे तो आकडा?" मी म्हटलं, "हा माय, फिटना." तिने ताट खाली ठेवलं, ती बेबाकी पावती वहीतून काढली आणि परत ट्रंकेत ठेवून आली.

खर्च लिहितो, कोणाला करायचं असेल तर अंदाज येईल. अनामत ५००, वर्गणी २००, फोटो ६०, आधारची झेरॉक्स ४, पुस्तकातली बावीस पानं ४४, चौकटीच्या चार वह्या २६०, दहा रिफिली ५०, जळगावच्या एसटीचे सगळे मिळून ५४०. एकूण १६५८, त्यातले ५०० परत मिळणारे. वेळ आखाजीपासून गणपतीपर्यंत. सुरुवात लहान आकड्याने करा. दोनचा तेरावा घात वजा एक, म्हणजे ८१९१, घेतला तर एका संध्याकाळी दोन्ही वाटांनी होतो.

२० सप्टेंबरला पुस्तक परत करायला गेलो. अनामत परत मिळायला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. माझी पावती तिसऱ्या वहीत खूण म्हणून घातलेली सापडली. सर वाचनकक्षात होतेच. त्यांनी चारही वह्या चाळल्या, ६५५३६ च्या पानावर थोडं थांबले, मग मागे गेले आणि ते चुकलेले नऊ भागाकार काढले. "भाऊ, एवढ्या पानांची झेरॉक्स मला द्या," म्हणाले. "शिकवणीच्या पोरांना दाखवायची आहेत."